परसबागेतील ग्लॅडिओलस : फूल येते, बेणे टिकवा

(छत्रपती संभाजीनगर येथे परसबाग व फुलशेती या विषयावर शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्लॅडिओलसची तलवारीसारखी पाने आणि त्यातून वर येणारा एकामागून एक उमलणाऱ्या फुलांचा दांडा आता सर्वांच्या ओळखीचा आहे. लग्नाच्या मांडवात, सभेच्या व्यासपीठावर, फुलदाणीत तो दिसतो. लॅटिन भाषेत तलवारीला 'ग्लॅडियस' म्हणतात, त्यावरूनच या झाडाला नाव पडले. घरामागे दहा फूट जागा असली तरी हे फूल घेता येते, म्हणून पुष्कळजण हौसेने कंद आणतात आणि लावतात.

मात्र पुढची हकिगत बहुतेक घरी सारखीच ऐकू येते. पहिल्या वर्षी फुले झकास आली. दुसऱ्या वर्षी निम्मे कंद उगवलेच नाहीत, उगवले त्यांचे दांडे आखूड निघाले. तिसऱ्या वर्षी वाफा मोकळा. मग निर्णय दिला जातो की, आपल्या मराठवाड्याच्या उन्हात हे फूल टिकत नाही.

हा निर्णय अर्धवट आहे. फूल येते ते हिवाळ्यात आणि आपला हिवाळा या पिकाला चांगला मानवतो. नुकसान होते ते पुढे, मार्चपासून सप्टेंबरपर्यंत, कंद जमिनीबाहेर पडून असतो त्या सहा महिन्यांत. म्हणजे अडचण फुलाची नाही, बेण्याची आहे. ग्लॅडिओलसच्या लागवडीत बेण्याचा खर्च फार मोठा असतो. दरवर्षी नवे कंद विकत घ्यावे लागले तर हौसही परवडत नाही आणि धंदाही परवडत नाही. उलट कंद सांभाळता आला तर एकदा आणलेल्या बेण्यावर वर्षानुवर्षे वाफा चालतो आणि वाढतोही. म्हणून आज लागवडीविषयी जरुरीपुरते बोलून कंदाच्या निगेविषयी अधिक सांगणार आहे.

कंदाचे वर्षभराचे चक्र

ग्लॅडिओलस हे केशराच्या कुळातील झाड आहे. त्याच्या बहुतेक जंगली जाती आफ्रिकेतल्या, त्यांतही दक्षिण आफ्रिकेतल्या. तेथे कोरड्या हंगामात झाडाचा वरचा भाग वाळतो आणि जमिनीतला कंद अन्नाचा साठा घेऊन झोपी जातो. ओल आली की पुन्हा उगवतो. म्हणजे कंद ही झाडाची कणगीच आहे.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. आपण लावलेला कंद पुन्हा आपल्या हाती येत नाही. झाड वाढताना तो कंद आपला साठा खर्च करतो, सुकतो आणि चपटा होतो. त्याच्या डोक्यावर, पानांच्या बुडाशी, नवा कंद तयार होतो. नव्या कंदाच्या तळाशी हरभऱ्याएवढे किंवा त्याहून बारीक कंद लागतात, त्यांना कंदिका म्हणतात. तेव्हा पुढच्या वर्षीचे फूल हे या वर्षीच्या पानांनी भरलेल्या नव्या कंदावर अवलंबून असते. पाने जेवढी जास्त दिवस हिरवी राहतील तेवढा कंद भरेल.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. जमिनीतून काढलेला ताजा कंद लगेच लावला तर ओल असूनही उगवत नाही. त्याला साधारण अडीच ते तीन महिने विश्रांती लागते. काही वेळा विकत आणलेले कंद 'खराब निघाले' असे आपण म्हणतो, ते खराब नसून नुकतेच काढलेले असतात. कंद घेताना ते केव्हा काढले, हे अवश्य विचारावे.

आपले हवामान

थंड देशांतले बागवानही हे कंद जमिनीतून काढून ठेवतात. तेथे बर्फाने कंद गोठू नये म्हणून ते हिवाळ्यापूर्वी काढतात. आपण ते उन्हाळ्यापूर्वी काढतो. काम एकच, शत्रू वेगळा.

आपल्या भागात पाऊस सरासरी ७०० मि.मी.च्या आसपास, तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो, विहिरी तळ गाठतात. गुलाब, मोगरा, जास्वंद यांना या दिवसांतही पाणी द्यावेच लागते. ग्लॅडिओलस मात्र त्या वेळी घरात, कोरड्यात, झोपलेला असतो. तो पाण्याचा एक थेंबही मागत नाही. ज्या घरी उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढाताण असते, त्या घरासाठी यापेक्षा सोयीचे फुलझाड सापडणे कठीण आहे. अट एकच, कंद ठेवायची जागा बरोबर हवी.

जमीन व वाफा

या पिकाला पाण्याचा निचरा होणारी, पोयट्याची, भुसभुशीत जमीन लागते. सामू ६ ते ७ च्या दरम्यान असल्यास उत्तम. आपल्याकडची काळी जमीन पाणी धरून ठेवते, शिवाय चुनखडीमुळे तिचा सामू जास्त असतो. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. वाफा तयार करताना काळजी घ्यावी.

सपाट वाफ्याऐवजी जमिनीपासून १५ से.मी. उंच गादीवाफा करावा. दहा फूट लांब व तीन फूट रुंद वाफा घराला पुरेसा होतो. जागा दिवसभर ऊन मिळणारी असावी. माती फूटभर खोल खणून त्यात दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि माती फारच चिकट असेल तर दोन घमेली जाड वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा. कच्चे शेणखत कदापि वापरू नये. त्याने कंद कुजतो आणि हुमणीलाही आमंत्रण मिळते.

एकाच जागी लागोपाठ दोन वर्षे ग्लॅडिओलस लावू नये. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे राहते. परसबागेत तीन-चार वाफे असतील तर मेथी, पालक, कोथिंबीर यांच्याबरोबर जागा पालटत ठेवावी.

जाती व बेण्याची निवड

भारतात या पिकावर बरेच काम झाले आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले नीलरेखा, फुले तेजस या जाती दिल्या आहेत. फुले गणेशचा रंग फिकट पिवळा, तर फुले प्रेरणाचा फिकट गुलाबी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या सपना, नजराना, पूनम, आरती आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या सुचित्रा, मयूर याही जाती प्रचलित आहेत. परदेशी जातींत पांढऱ्या रंगाची व्हाइट प्रॉस्पेरिटी आणि केशरी-तांबडी हंटिंग साँग लोकप्रिय आहेत. घरासाठी दोन-तीन रंग पुरेत. जाती जास्त झाल्या की कंद ठेवताना मिसळतात.

कंद घेताना लिंबाएवढा, साधारण ४ ते ५ से.मी. व्यासाचा घ्यावा. तो हाताला जड आणि टणक लागला पाहिजे. फार रुंद व चपटा कंद म्हणजे चांगला असे नाही. मध्ये फुगीर, उंच डोक्याचा आणि तळाची खूण लहान असलेला कंद अधिक जोमदार असतो. सालीखाली तपकिरी बुडालेले डाग, मऊ जागा किंवा निळसर बुरशी दिसली तर तो कंद फुकट मिळाला तरी घेऊ नये.

लागवड

परसबागेसाठी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. सर्व कंद एका दिवशी लावू नयेत. दर पंधरा दिवसांनी वीस कंद लावले तर डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत घरात फुले राहतात. जातीप्रमाणे लागवडीपासून ६० ते ९० दिवसांत फूल येते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मात्र लावू नये, कारण मग कंद भरण्याचे दिवस मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडतात.

लावण्यापूर्वी कंदावरची सुटी साल हलक्या हाताने काढून तपासावे. एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम कॅप्टन मिसळून त्यात कंद अर्धा तास बुडवावेत व सावलीत निथळू द्यावेत. हातात मोजे घालावेत, भांडे स्वयंपाकघरातले नसावे. रासायनिक औषध नको असेल त्यांनी ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून वाफ्यात द्यावा. दोन्ही एकाच वेळी करू नये, कारण बुरशीनाशकाने ट्रायकोडर्माही मरतो.

दोन ओळींत एक फूट आणि दोन कंदांत अर्धा फूट अंतर ठेवावे. दहा बाय तीन फुटांच्या वाफ्यात तीन ओळींत साठ कंद बसतात. मोठा कंद चार बोटे खोल, लहान कंद तीन बोटे खोल लावावा. कोंबाची बाजू वर असावी. लागवड वाफशावर करावी आणि लगेच हलके पाणी द्यावे. उगवण होईपर्यंत पाण्याचा मारा करू नये.

खते, पाणी व भर

या वाफ्याला लागवडीच्या वेळी पाव किलो सिंगल सुपर फॉस्फेट व ९० ते १०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश मातीत मिसळून द्यावे. युरिया एकूण १८० ग्रॅम, तोही तीन समान हप्त्यांत, झाड दोन, चार आणि सहा पानांवर असताना द्यावा. युरियाचा हात सैल सोडू नये. जास्त नत्राने पाने हिरवीगार दिसतात, पण कंद मऊ राहतो, त्याला मर रोग लवकर होतो आणि साठवणीत तो प्रथम जातो. पालाश मात्र चुकवू नये.

पाणी सात-आठ दिवसांनी, जमिनीचा मगदूर पाहून द्यावे. झाड चार ते सात पानांवर असताना आत फुलदांडा तयार होत असतो, त्या काळात ताण पडू देऊ नये. पाचव्या-सहाव्या पानावर मातीची भर लावावी, म्हणजे दांडा लवंडत नाही. वारा जास्त असेल तर दोन्ही टोकांना काठ्या रोवून सुतळी ओढावी.

चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची उणीव. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व मिसळून आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारावे. पानांची टोके करपत असतील तर पाणी तपासावे. क्षारांनी टोके जळतात. शिवाय हे झाड फ्लोराइडला फार हळवे आहे. अशा वेळी बोअरच्या पाण्याऐवजी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

फुलदांडा कापताना

खालची एक-दोन फुले रंग दाखवू लागली की दांडा सकाळी किंवा सायंकाळी धारदार चाकूने कापावा. बाकीच्या कळ्या पाण्यात क्रमाने उमलतात. कापलेले दांडे बादलीत उभेच ठेवावेत. आडवे ठेवले तर शेंडे वर वळतात आणि दांडा वाकडा होतो.

येथे सर्वांत महत्त्वाची सूचना. दांड्याला लांबी मिळावी म्हणून आपण तो पानांसकट बुडाशी कापतो. तसे करू नये. झाडावर निदान चार पाने राहिलीच पाहिजेत. दांडा चार बोटे आखूड मिळाला तर फुलदाणीत कोणाच्या लक्षातही येत नाही. पण पाने गेली तर पुढच्या वर्षीचे फूल आजच कापल्यासारखे होते. ज्यांना यंदा बेणे वाढवायचे आहे त्यांनी काही दांड्यांची फुले कोमेजल्यावर खुडावीत, बी धरू देऊ नये.

फुलांनंतरचे सहा आठवडे

फुले संपली की वाफ्याकडे जायचे कारण उरत नाही. पाणी थांबते, झाडे वाळतात आणि कंद सुपारीएवढा राहतो. दुसऱ्या वर्षी आखूड दांडे निघण्याचे हे पहिले कारण आहे.

फुलदांडा कापल्यानंतर सहा ते आठ आठवडे कंद भरत असतो. यातील पहिले चार ते पाच आठवडे पूर्वीसारखेच नियमित पाणी द्यावे व तण काढावे. त्यानंतर पाने टोकाकडून पिवळी पडू लागली की पाणी तोडावे. पाणी तोडल्यापासून दोन-तीन आठवड्यांनी काढणी करावी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावलेला वाफा अशा हिशेबाने जातीप्रमाणे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत काढणीस येतो.

कंद काढणे व सुकवणे

एक झाड उकरून पाहावे. पाने बरीच पिवळी झाली आहेत आणि निदान पाव हिस्सा कंदिकांचा रंग तपकिरी झाला आहे, असे दिसले की काढणी करावी. पाने पूर्ण वाळेपर्यंत थांबल्यास कंदिका तुटून मातीतच राहतात.

झाड हाताने उपटू नये. बुडापासून वीतभर अंतरावर खुरपे किंवा कुदळ खोल घालून माती सैल करावी व कंद अलगद उचलावा. लोखंड लागून चिरलेला कंद बाजूला काढावा, तो साठवणीत ठेवू नये. पाने कंदापासून दोन बोटे ठेवून कापावीत. पिवळी, रोगट झाडे आधीच वेगळी काढून जाळावीत. खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.

कंद धुऊ नयेत. माती झटकून ते सावलीत, वारा खेळणाऱ्या जागी, गोणपाटावर किंवा बाजेवर एका थराने पसरावेत. सकाळच्या कोवळ्या उन्हात पहिला एखादा दिवस ठेवले तर चालते, दुपारच्या उन्हात नाही. मार्चच्या दुपारी फरशीवर ठेवलेला कंद भाजून निघतो, वरून मात्र काही दिसत नाही.

दोन ते तीन आठवड्यांत जखमा भरतात, मुळ्या वाळतात आणि तळाचा जुना चपटा कंद बोटांनी सहज सुटून येतो. तो काढून टाकावा. वरची कागदासारखी साल मात्र सोलू नये. ती कंदाचे अंगरखे आहे. तिच्यामुळे ओलावा टिकतो.

नंतर प्रतवारी करावी. लिंबाएवढे कंद पुढच्या हंगामात फुलांसाठी, बोराएवढे कंद वाढीसाठी आणि कंदिका वेगळ्या. बुरशीनाशकाची प्रक्रिया करायची असल्यास लागवडीच्या वेळी सांगितलेल्या प्रमाणातच करावी आणि कंद पुन्हा पूर्ण कोरडे करावेत. ओला कंद पिशवीत गेला की पुढचे सर्व काम वाया जाते.

साठवण : कांदा चाळीचा धडा

वैजापूर, कन्नड, गंगापूर भागातल्या कांदा उत्पादकांना साठवण शिकवण्याची गरज नाही. कांदा चाळीत आपण काय करतो? हवा खालून-वरून खेळती ठेवतो, ढीग उंच होऊ देत नाही, ऊन व पावसाचे पाणी लागू देत नाही आणि सडका कांदा वेळेवर वेचतो. ग्लॅडिओलसच्या कंदाला हेच शास्त्र लागू आहे.

मात्र आल्याच्या बेण्याचा अनुभव येथे वापरू नये. खुलताबाद, फुलंब्री भागात आले घेणारे पुष्कळजण आहेत. आल्याचे बेणे सावलीत, ओलावा राखून ठेवतात. ग्लॅडिओलसचा कंद तसा झाकून ठेवला तर पंधरा दिवसांत त्यावर बुरशी येते. आल्याला ओल हवी, याला कोरडे हवे.

कंद जाळीच्या पिशवीत, बांबूच्या टोपलीत किंवा भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये दोन थरांपेक्षा जास्त न भरता ठेवावेत. बंद प्लास्टिक पिशवी, डबा किंवा पत्र्याची पेटी वापरू नये. पिशवी खुंटीला टांगली तर उंदरांपासूनही बचाव होतो.

जागा निवडताना घरातल्या सर्वांत थंड, पण कोरड्या खोलीचा विचार करावा. जुन्या माळवदाच्या घरातली मधली खोली यासाठी उत्तम. पत्र्याचे शेड, गच्चीखालचा माळा, पश्चिमेच्या भिंतीचा कोनाडा या जागा टाळाव्यात. उष्णतेत कंदाचा श्वासोच्छ्वास वाढतो, साठवलेले अन्न आतच जळते आणि सप्टेंबरपर्यंत हातात हलके टरफल उरते. ज्या खोलीत पाण्याचा कूलर चालतो ती खोली थंड असली तरी दमट असते, तेथेही कंद ठेवू नयेत. भाजीपाल्यासाठी विटा-वाळूचा शीतकक्ष करतात, तोही या कामाला योग्य नाही. तेथील ओलसर हवा भाजीला चांगली, कंदाला वाईट.

सर्वांत खात्रीचा मार्ग शीतगृहाचा. ४ ते ७ अंश तापमानात कंद ठेवले तर वजन टिकते, विश्रांतीही पूर्ण होते. साठ-सत्तर कंदांसाठी शीतगृह कोठून आणणार? घरातला फ्रीज चालतो. पूर्ण सुकवलेले कंद कागदी किंवा सुती पिशवीत घालून खालच्या भाजीच्या कप्प्यात, भाजीपासून वेगळे ठेवावेत. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत. फ्रीजमध्ये सर्व मावत नसतील तर फक्त लिंबाएवढे कंद ठेवावेत, बाकीचे टांगावेत. लागवडीपूर्वी दहा-पंधरा दिवस बाहेर सावलीत काढून ठेवले की डोळे फुगतात.

येथे एक धोका सांगणे भाग आहे. हे कंद लहान कांद्यासारखे दिसतात आणि त्यांना औषध लावलेले असते. पिशवीवर जातीचे नाव, काढणीची तारीख आणि 'विषारी, खाऊ नये' असे ठळक लिहावे. पिशवीचे तोंड बांधावे, घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे. लहान मुले व स्वयंपाक यांपासून पिशवी दूर राहिली पाहिजे. ज्यांना फ्रीजमध्ये ठेवायचे आहेत त्यांनी साठवणीपूर्वी औषध न लावता केवळ चांगले सुकवून ठेवावेत. औषध लागवडीच्या वेळी लावावे.

दर महिन्याला एकदा पिशवी उघडून एकेक कंद हातात घ्यावा. जड आणि टणक असेल तो चांगला. मऊ, वास येणारा, निळसर बुरशीचा कंद लगेच काढावा. जून लागला की हवा दमट होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ही तपासणी पंधरा दिवसांनी करावी. उन्हाळ्यात कंद सुकतो, पावसाळ्यात कुजतो, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

रोग व कीड

मर रोगात पाने टोकाकडून पिवळी पडतात, झाड वाकते आणि कंदाच्या तळाशी तपकिरी कूज दिसते. हा रोग कंदातून पसरतो. म्हणून रोगट वाफ्यातले वरून चांगले दिसणारे कंदही शेजारी-पाजारी वाटू नयेत. प्रेमाने दिलेला एक रोगट कंद शेजाऱ्याचा वाफा अनेक वर्षांसाठी बिघडवतो.

फुलकिडे पाने व कळ्या खरवडून रस शोषतात. त्यावर रुपेरी चट्टे पडतात, कळ्या उमलत नाहीत. हे किडे कंदाच्या सालीखाली लपूनही राहतात आणि साठवणीत कंद खरबरीत, तपकिरी होतो. वाफ्यात निळे चिकट सापळे लावावेत व ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

कंदिका : उद्याचे बेणे

कंदिका टाकून देऊ नयेत. त्यांचे कवच कठीण असते, म्हणून लागवडीपूर्वी एक दिवस पाण्यात भिजवून मग ओळीत, दोन बोटे खोल, दाट पेराव्यात. पहिल्या वर्षी गवतासारखी पाने येतात, फूल येत नाही. साधारण दोन हंगामांत त्या फुलाच्या आकाराच्या होतात. मोठ्या कंदात रोग वर्षागणिक साचत जातो, त्या मानाने निरोगी झाडाच्या कंदिका स्वच्छ असतात. दरवर्षी एक लहान ओळ कंदिकांची ठेवली तर बेणे आपोआप ताजे होत राहते.

श्रोत्यांच्या काही शंका

कुंडीत ग्लॅडिओलस येईल का? होय. बारा इंची कुंडीत पाच-सहा कंद लावावेत. तळाची भोके मोकळी असावीत. फुलांनंतर कुंडीला पाणी देत राहण्याचा नियम येथेही पाळावा.

कंद जमिनीतच राहू दिले तर? निचऱ्याच्या हलक्या जमिनीत काही जगतात. काळ्या जमिनीत मात्र उन्हाळ्यात शेजारच्या झाडांचे पाणी आणि जूनमधला पाऊस यांनी ते कुजतात. काढून ठेवणेच श्रेयस्कर.

साठवणीतच कोंब आले तर? कोंब मोडू नये. बोटाच्या पेराएवढा असेल तर लागवडीपर्यंत थांबता येते. त्याहून लांब झाला असल्यास तो कंद कुंडीत किंवा उंच गादीवाफ्यात लगेच लावावा.

दिवाळीला फुले मिळतील का? त्यासाठी जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला लागवड करावी लागते. भर पावसात कुजीचा धोका असतो. विश्रांती पूर्ण झालेले दहा-वीस कंद उंच वाफ्यावर लावून पाहावेत, सर्व बेणे त्यात घालू नये.

समारोप

बंधू-भगिनींनो, साठ कंदांच्या वाफ्यावर ज्याला बेणे टिकवता आले, त्याला पुढे एक-दोन गुंठ्यांचा विचार करता येतो. ज्याला घरी साठ कंद टिकवता आले नाहीत त्याने हजारो कंद विकत घेऊन शेतात लावण्याचे धाडस करू नये. या दृष्टीने परसबाग ही फुलशेतीची शाळाच आहे आणि तिची परीक्षा फुलांच्या हंगामात होत नाही, उन्हाळ्यात होते.

चार गोष्टी पाळाव्यात. दांडा कापताना चार पाने ठेवावीत. फुलांनंतरही पाणी द्यावे. कंद सावलीत पूर्ण सुकवावेत. आणि सहा महिने थंड, कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवून वेळोवेळी तपासावेत. माती-पाणी तपासणी किंवा रोगाच्या ओळखीसाठी पैठण रस्त्यावरील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. जाताना रोगट झाड कंदासकट कागदात गुंडाळून न्यावे, केवळ पान नेऊन निदान होत नाही.

येत्या मार्चमध्ये वाफा उकराल तेव्हा मोठे कंद मोजून वहीत लिहून ठेवा आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजा. या दोन आकड्यांतला फरक दरवर्षी कमी होत गेला, तर हे फूल आपल्या मराठवाड्यात टिकते की नाही, हे कोणाला विचारावे लागणार नाही.